सव्वासात चौरस मीटरांतली ज्वारी

कृषी विद्यापीठाच्या डायरीत रब्बी ज्वारीच्या प्रत्येक वाणासमोर एक आकडा छापलेला असतो. कोरडवाहू, मध्यम जमीन, धान्य हेक्टरी इतके क्विंटल, कडबा इतका. शेतकरी तो वाचतो, बांधावरून आपल्या रानाकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "ह्यांच्या कागदावरच पिकतंय." सोलापूर जिल्ह्यातल्या एका संशोधन प्रक्षेत्रावर मी नऊ वर्षं कृषी सहाय्यक होतो. हे वाक्य मी एसटीत ऐकलं, टपरीवर ऐकलं आणि सगळ्यात जास्त वेळा आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकलं. पूर्वी चिडायचो. आता चिडत नाही, कारण तो आकडा कुठून येतो हे आम्हीच कधी नीट सांगितलेलं नाही.

तो येतो साधारण सव्वासात चौरस मीटरांतून. आठ बाय दहाची खोली असते ना, जेमतेम तेवढ्या तुकड्यातून. त्या तुकड्यातली कणसं खुडतात, वाळवतात, बडवतात, दाणे तोलतात आणि त्या वजनाला एका मोठ्या संख्येने गुणतात. गुणाकार कुणीही करेल. पण तोलायला येईपर्यंत चार महिने त्या तुकड्यात नेमकं काय झालं, काय होऊ दिलं आणि काय होऊ दिलं नाही, हे सांभाळणं म्हणजे आमची नोकरी.

आधी एक गैरसमज. कृषी सहाय्यक म्हटलं की लोकांना गावोगाव फिरणारा, पंचनामे करणारा कृषी खात्याचा माणूस आठवतो. पदाचं नाव तेव्हा एकच असलं तरी संशोधन केंद्रावरच्या सहाय्यकाचं काम वेगळं. केंद्रावर वर असतो पैदासकार, म्हणजे नवीन वाण तयार करणारा शास्त्रज्ञ. काय पेरायचं, कशाशी तुलना करायची हे तो ठरवतो. खाली असतात मजूर, त्यांतल्या निम्म्याहून जास्त बाया, ज्यांना पीक आमच्यापेक्षा जास्त कळतं. मधला जो दुवा, जो वही काखेत धरून दिवसभर वाफ्यांमधून हिंडतो, तो सहाय्यक. शेतकी डिप्लोमा झालेल्या पोराला वाटतं आपण शेतीच करणार आहोत. पहिल्या महिन्यात कळतं की इथं पीक चांगलं आणणं हे काम नाही. इथं बारा वाणांना अगदी सारखी वागणूक देणं हे काम आहे, आणि ते पीक चांगलं आणण्यापेक्षा अवघड आहे.

आखणी

समजा तुम्हाला जुनी मालदांडी आणि एक नवीन वाण यांत चांगलं कोण हे बघायचंय. मालदांडी 35-1 ही काही साधी गोष्ट नाही. 1930च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेला हा वाण, आणि अजूनही नवीन येणाऱ्याला त्याच्याशी झुंजावं लागतं. ज्याच्याशी तुलना करायची त्या वाणाला कागदोपत्री 'तुल्य वाण' म्हणतात, आम्ही 'चेक' म्हणतो.

शेतकरी काय करतो? बांधाच्या अलीकडे मालदांडी, पलीकडे नवीन. सुगीला दोन्हीची पोती मोजतो. सरळ हिशोब वाटतो. पण रान एकसारखं कधीच नसतं. विहिरीकडच्या अंगाला काळी माती कमरेएवढी खोल, तर माळाकडे पहार मारली की वीतभर खाली मुरूम. रब्बी ज्वारी तर जमिनीत साठलेल्या ओलीवरच जगते, पेरल्यावर पाऊस झाला तर झाला. त्यामुळे मातीची खोली म्हणजे तिची पाण्याची टाकी. ही खोली इतकी महत्त्वाची की शिफारशीच तिच्यावरून आहेत: 30 सेंटीमीटरपर्यंतच्या हलक्या रानाला फुले अनुराधा, 60पर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, त्याहून खोल काळ्या रानाला फुले वसुधा. मग नवीन वाण विहिरीकडे पेरला आणि जास्त पिकला, तर श्रेय वाणाचं की मातीचं? कळायला मार्ग नाही.

यावर तोड अशी. रानाचे उताराला आडवे तीन पट्टे पाडायचे. एका पट्ट्यात माती या टोकापासून त्या टोकापर्यंत जमेल तितकी सारखी असावी. प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण एकेकदा पेरायचे. म्हणजे बारा वाण असतील तर तीन पट्ट्यांत मिळून छत्तीस वाफे. आमच्या बोलीत पट्टा म्हणजे 'रेप' (रेप्लिकेशनचं लघुरूप), वाफा म्हणजे 'प्लॉट'. माळाकडच्या पट्ट्यात सगळ्यांनाच मुरूम, विहिरीकडच्या पट्ट्यात सगळ्यांनाच काळी. आता तुलना पट्ट्याच्या आतल्या आत होते आणि मातीचा फरक बराचसा बाजूला पडतो.

बराचसा, सगळा नाही. पट्ट्यातही एखादं पाणी धरून राहणारं चिबड असतं, कधी जुन्या उकिरड्याची जागा असते. म्हणून कुठला वाण कुठल्या वाफ्यात जाणार हे माणसाने ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. हल्ली संगणक यादी काढून देतो, पण तत्त्व चिठ्ठीचंच. इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड केंद्रावर रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने 1920च्या दशकात ही पद्धत बसवली. त्यामागचं कारण मला नोकरीत पटलं. पैदासकाराने सात-आठ वर्षं खपून वाढवलेला वाण असतो, पोटच्या पोरासारखा. त्याला निवडीची मुभा दिली तर मनात काहीही नसताना हात चांगल्या जागेकडे जातो. चिठ्ठीला पोर नसतं.

एक वाफा म्हणजे पाच मीटर लांबीच्या सहा ओळी, दोन ओळींत 45 सेंटीमीटर. काटकोन धरायला कोपऱ्यावरून एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4, आणि तिरकी दोरी बरोबर 5 आली पाहिजे. पायथागोरस शाळेत ज्यांना छळतो त्यांनी एकदा आखणीला यावं. वाफा तिरका झाला की एका बाजूची ओळ आखूड होते आणि मग चार महिने सगळं बरोबर करूनही आकडा चुकतो.

बी तोलायचं. हेक्टरी 10 किलोच्या हिशोबाने साडेतेरा चौरस मीटरच्या वाफ्याला साडेतेरा ग्रॅम, म्हणजे ओळीला सव्वादोन ग्रॅम. छत्तीस वाफ्यांच्या दोनशे सोळा ओळी, तितकीच पाकिटं. प्रत्येकावर वाफ्याचा नंबर, तोही पेन्सिलीने. नवा माणूस पेन वापरतो, घामाच्या हाताने शाई पसरते आणि 207चं 201 होतं. पेन्सिल पावसातही पुसत नाही. ही गोष्ट मला कुठल्या प्राध्यापकाने नव्हे, एका मजूर मावशींनी शिकवली. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, पण पुसलेली चिठ्ठी म्हणजे बुडालेलं पीक हे त्यांनी वीस वर्षं बघितलेलं होतं.

पाकिटांची अदलाबदल हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट अपघात, आणि तो माझ्या हातून झालेला आहे. दोन शेजारच्या वाफ्यांची पाकिटं उलटी पडली. पेरताना कळलं नाही, उगवण झाल्यावर कळलं नाही. सगळी ज्वारी लहानपणी सारखीच दिसते. पोटरीला आल्यावर दुसऱ्या रेपमधला एक वाफा आठ दिवस आधी निसवला, तेव्हा ध्यानात आलं की पहिल्या आणि तिसऱ्या रेपमधले त्याचे भाऊ अजून हिरवेगार उभे आहेत. तीन रेप असण्याचा हा एक फायदा कुणी सांगत नाही: चूक उघडी पडते. साहेबांना जाऊन सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "वहीत लिहा. खोडू नका, पुसू नका. आज कळलं म्हणून आजची तारीख टाका आणि सही करा." पुढं ज्यांच्या हाताखाली काम केलं, ते सगळेच असे नव्हते.

चार महिने

उगवण झाली की विरळणी. दोन रोपांत 15 सेंटीमीटर ठेवून बाकीची उपटायची. ओळीत तेहतीसच्या आसपास रोपं राहतात. शेतकऱ्याच्या रानात एखादं रोप कमी-जास्त झालं तर काही बिघडत नाही. इथं ज्या तुकड्याचं वजन होणार त्यात मुळात एकशे सात-आठ ताटं, त्यांतली दहा नसतील तर आकडा हलतो. बरं, सरळ दहा टक्क्यांनी खालीही येत नाही. शेजारच्या ताटांना जास्त ओल, जास्त ऊन मिळतं आणि ती फोफावतात. म्हणून किती ताटं आहेत ते विरळणीनंतर मोजायचं आणि काढणीला पुन्हा मोजायचं.

मग खोडमाशी. ज्वारी महिन्याची होईपर्यंत ही माशी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, अळी पोंग्यात शिरून कोंब कापते आणि मधलं पान वाळतं. ओढलं तर अलगद हातात येतं. याला पोंगेमर म्हणतात. उगवणीनंतर अठ्ठावीस दिवसांनी आम्ही प्रत्येक वाफ्यातली पोंगेमर झालेली ताटं मोजतो.

इथं एक उलटा प्रकार आहे. शेतकरी किडीला हाकलतो, आम्ही तिला आमंत्रण देतो. वाणाची सहनशक्ती बघायची तर कीड यायलाच हवी. ज्या वर्षी माशी आलीच नाही त्या वर्षी सगळेच वाण शूर. म्हणून किडीच्या चाचणीचा वेगळा तुकडा असतो. त्यात तीनेक आठवडे आधी माशीला लवकर बळी पडणाऱ्या ज्वारीच्या ओळी पेरून ठेवतात, म्हणजे माशीची पहिली पिढी तिथं तयार होते. वर मासळीचा भुगा टाकतात. त्या वासावर माशी येते. मी माळकरी घरातला. पहिल्या वर्षी तो भुगा टाकून घरी गेलो तर आईने दारातच अडवलं आणि आधी अंघोळीला पाठवलं. मासे शेतात कशाला लागतात हे तिला समजावता समजावता जेवण निवून गेलं.

खडखड्या रोगाचंही तसंच. दाणा भरताना जमिनीतली ओल संपत आली की एक बुरशी मुळांतून खोडात शिरते, ताटाचा आतला गर खाऊन टाकते आणि वाऱ्याच्या एका झुळकीत रान आडवं होतं. हा रोग आपोआप येण्याची वाट बघत बसलो तर दहा वर्षं जातील. म्हणून प्रयोगशाळेत टूथपिकवर ती बुरशी वाढवतात आणि फुलोऱ्यानंतर खालच्या कांडीला भोक पाडून त्यात ते टूथपिक खोचतात. काढणीला ताट उभं चिरून बघायचं, काळेपणा किती कांड्या ओलांडून वर गेलाय. लग्नात मुखवासाच्या ताटलीत टूथपिक दिसलं की मला अजूनही ते ताट आठवतं.

संकराचं काम मात्र देखणं. ज्वारीचं कणीस टोकाकडून फुलायला लागतं आणि फुलोरा रोज थोडा थोडा खाली उतरत जातो, पूर्ण व्हायला आठवडाभर लागतो. एकेका फुलात तीन पुंकेसर. ज्याला आई करायचं त्या कणसाचा फुललेला शेंडा कापून टाकायचा, खालचा भागही काढायचा, मध्ये न उमललेली पन्नासेक फुलं ठेवायची आणि चिमट्याने एकेका फुलातले तिन्ही पुंकेसर काढायचे. एक जरी फुटला तरी ते फूल वाया, कारण आता ते स्वतःच फळणार. मग कागदी पिशवी घालायची. दोन-तीन दिवसांनी सकाळी बापाच्या कणसाचा पिवळा पराग दुसऱ्या पिशवीत झटकून आणायचा आणि तिच्यावर टाकायचा. चिठ्ठीवर आईचं नाव आधी, बापाचं नंतर. जगभर हाच रिवाज आहे. आमच्याकडे हे काम दोन बाया करायच्या. त्यांचे हात इतके हलके की पैदासकार त्यांच्या सुट्ट्या बघून संकराचं वेळापत्रक ठरवायचा.

त्या पन्नास दाण्यांतून पुढे सहा-सात पिढ्या निवड चालते. हजारो ताटांतून शेकडो, शेकड्यांतून दहा-बारा. त्यांतले एक-दोन कधीतरी या छत्तीस वाफ्यांपर्यंत पोचतात.

नोंदी बऱ्याच असतात, सगळ्या सांगत बसत नाही. निम्मी ताटं फुलोऱ्यात येण्याचा दिवस, उंची, लोळण, दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका कधी धरला. त्या काळ्या ठिपक्यानंतर दाण्यात अन्न भरणं थांबतं, म्हणजे पीक पक्व झालं. या सगळ्यांत फुलोऱ्याची नोंद सर्वांत जास्त खोटी लिहिली जाते, हे मला लिहायलाच हवं. कारण ती घ्यायची तर रोज सकाळी छत्तीसच्या छत्तीस वाफ्यांत जावं लागतं. रविवारीही. सोमवारी जाऊन 'काल झालं असेल' असं लिहिणं सोपं असतं. अशा वह्या ओळखू येतात. त्यांत रविवारी काहीच फुलत नाही.

आणि पाखरं. हुरड्यात दाणा आला की चिमण्या, पोपट, साळुंक्या यांच्या झुंडी. साध्या रानात दहा-वीस कणसं गेली तरी समजत नाही. प्रयोगात यातून एक छुपा अन्याय होतो. जो वाण सगळ्यांत लवकर दाण्यात येतो, त्या आठवड्यात पंचक्रोशीत खाण्यासारखं तेवढंच असतं. सगळी पाखरं त्यावर तुटून पडतात. लवकर येणं हा त्याचा गुण, आणि आकड्यात मात्र तो मागे दिसतो. म्हणून माचाणावर माणूस पहाटेपासून गोफण घेऊन बसतो, शक्य तिथं कणसांना पिशव्या घालतात. दोन पायांच्या पाखरांसाठी वेगळी सोय करावी लागते. जानेवारीत केंद्र बघायला पाहुणे येतात आणि बघून झालं की हुरडा मागतात. आम्ही प्रयोगापासून लांब एक तुकडा फक्त पाहुण्यांसाठी पेरायला लागलो. वहीत त्याला नंबर नव्हता.

काटा

वाफा सहा ओळींचा, पण वजन सहाही ओळींचं करत नाहीत. दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर आधी कापून बाजूला टाकायचा. कडेच्या ताटाला वाटेच्या बाजूने फुकटचं ऊन आणि फुकटची ओल मिळते, ते जोमदार होतं. शिवाय शेजारच्या वाफ्यातला उंच वाण याच्यावर सावली धरतो. कडा टाकून मधल्या चार ओळी, चार मीटर लांब राहतात: 1.8 गुणिले 4, म्हणजे 7.2 चौरस मीटर. हा 'नेट प्लॉट'.

कडेच्या ताटाचा हा मोह फार जुना आहे आणि त्यावरून देशात मोठा वाद झालेला आहे. पीक कापणी प्रयोगावरून, म्हणजे रानातला मापाचा तुकडा कापून काढलेल्या उत्पादनाच्या अंदाजावरून, पीक विम्याची भरपाई ठरते हे आता सगळ्यांना माहीत आहे. तो प्रयोग शास्त्रशुद्ध करण्यात खटाव तालुक्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा. 1940च्या दशकात दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे कापून अंदाज काढण्याच्या बाजूचे होते, तर सुखात्मे यांनी दाखवून दिलं की तुकडा जितका लहान, तितकं उत्पादन फुगून दिसतं. कारण साधं आणि माणसाच्या स्वभावातलं: रेषेवर उभं असलेलं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा ते आत धरतो. तुकडा लहान असला की अशा रेषेवरच्या ताटांचं प्रमाण वाढतं. पुढे त्यांनी विनायक गोविंद पानसे यांच्यासोबत लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक शेतकी महाविद्यालयांत इतकं रुजलं की 'पानसे-सुखात्मे' हे पोरांना एकाच माणसाचं नाव वाटतं. मलाही वाटायचं.

आता तो गुणाकार. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. त्याला 7.2ने भागलं की 1,389 येतात. तुकड्यात 1 किलो 800 ग्रॅम दाणे निघाले तर हेक्टरी 2,500 किलो, म्हणजे 25 क्विंटल. डायरीतला आकडा असा बनतो.

याचा दुसरा अर्थ बघा. माझ्या काट्यावर 100 ग्रॅमची चूक झाली तर ती हेक्टरी 139 किलोची होते. शंभर ग्रॅम म्हणजे मूठ-दीड मूठ दाणे. खळ्यावर मातीत मिसळले, पोत्याच्या शिवणीत अडकले, चिमण्यांनी चार कणसं रिकामी केली, की झाले. दाण्यातल्या ओलीचंही तसंच. वजन 12 टक्के ओलीवर धरतात. एखादा उशिराचा वाण घाईने मळला, त्यात 16 टक्के ओल होती आणि दुरुस्ती करायची राहिली, तर 1,800 ग्रॅममधले 82 ग्रॅम नुसतं पाणी. हेक्टरी 114 किलो पाणी त्या वाणाच्या नावावर जमा होतं, आणि बिचाऱ्याचा काही दोष नसताना पुढच्या वर्षी तो खोटा ठरतो.

मला विचाराल तर सगळ्यांत समजून घेण्यासारखी गोष्ट यापुढे आहे. समजा मालदांडीच्या तीन वाफ्यांत 1.62, 1.80 आणि 1.74 किलो निघाले. नवीन वाणाचे 1.86, 1.70 आणि 1.90. सरासरी काढली तर मालदांडी 1.72, नवीन 1.82. फरक 100 ग्रॅम, म्हणजे हेक्टरी जवळपास दीड क्विंटल. वर्तमानपत्राला बातमी पुरेल एवढा. पण नीट बघा. मालदांडीच्या मालदांडीतच 1.62 ते 1.80 असा 180 ग्रॅमचा फरक आहे. तेच बी, तोच हात, तरी. आणि दुसऱ्या रेपमध्ये तर नवीन वाण हरलाय. एकाच वाणाच्या दोन वाफ्यांत जेवढा फरक उगाचच पडतो, त्याच्यापुढं दोन वाणांमधला फरक पुरेसा मोठा आहे का, एवढाच प्रश्न सगळं संख्याशास्त्र विचारतं. त्यातून एक मर्यादा निघते, तिला आम्ही 'सीडी' (क्रिटिकल डिफरन्स) म्हणतो. फरक सीडीपेक्षा मोठा असेल तरच तो खरा धरायचा. वरच्या उदाहरणात कुठलाही प्रामाणिक माणूस म्हणेल, अजून सांगता येत नाही.

'अजून सांगता येत नाही' हे लिहायला पैदासकाराला जड जातं आणि वाचायला शेतकऱ्याला. पण संशोधन केंद्राचं खरं पीक ज्वारी नाहीच. ते फरक पिकवतं. 25 क्विंटल हा आकडा म्हणजे तुमच्या रानाला दिलेलं वचन नाही. पाखरं राखलेली, विरळणी मोजून केलेली, कडा टाकलेली जागा ती. तुमच्या रानात पंधरा निघतील, कदाचित दहाही. डायरीत वाचायचं ते हे की त्याच मातीत, त्याच वर्षी, तेवढ्याच लाडात मालदांडी किती आली आणि हा किती आला. वडिलांचं 'कागदावरच पिकतंय' म्हणूनच अर्धं खरं होतं.

एका केंद्रावर, एका वर्षात जिंकून भागत नाही. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या चाचण्यांत तेच वाण राहुरी, परभणी, सोलापूर आणि शेजारच्या राज्यांतल्या केंद्रांवर एकाच वेळी पेरले जातात, सलग दोन-तीन हंगाम. या चाचण्यांच्या पाकिटांवर नावं नसतात, सांकेतिक क्रमांक असतात, म्हणजे आमच्यासारख्यांना आपलं पोर कुठलं ते कळू नये. त्यानंतर राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक, जिला सगळे 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात, आणि मग अधिसूचना. एवढं होऊनही शेतकरी नाकारू शकतो. 1964 साली सीएसएच 1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरिपात संकरित ज्वारीने उत्पादनाचं गणित बदललं. रब्बीच्या पट्ट्यात मात्र बुटक्या संकरित ज्वारीला लोकांनी जवळ केलं नाही. कडबा आखूड, दाण्याला मोत्याची झाक नाही, भाकरी मनासारखी नाही. इथं निम्मी ज्वारी जनावरासाठीच पेरतात हे कुठल्या काट्यावर आधी आलं नव्हतं. आता कडब्याचं वजन प्रत्येक वाफ्याला होतं, आणि निवडलेल्या वाणांच्या भाकऱ्या थापून पंगतीला वाढतात, खाणाऱ्यांकडून गुण घेतात. नोकरीतलं ते एक काम असं होतं की त्याला रजेवरचा माणूसही हजर व्हायचा.

नोकरी सोडल्यावर मी एकदा वडिलांना बसवून हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. पुढच्या सप्टेंबरच्या शेवटी पेरणीला गावी गेलो तर ओट्यावर बाभळीच्या सोळा खुंट्या तासून ठेवलेल्या. "मालदांडी आणि सुचित्रा," ते म्हणाले. "चार-चार पट्टे. चिठ्ठ्या तू टाक, म्हणजे माझ्यावर नको."

चिठ्ठ्या केल्या. शेजारच्या पोराला उचलायला लावल्या. विहिरीजवळच्या पट्ट्याला सुचित्रा निघाली. वडिलांची सगळी हयात मालदांडीत गेलेली. ते खुंट्यांकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "परत टाक."

मी टाकल्या नाहीत. चार दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण दोरीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.